शेरिलिनची चौथी पहाट

राउंड रॉक
३ जून १९८८

चि. लोरेटास एल्सीताईचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. मेंढ्या कातरून झाल्या. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. आनंदाची बातमी अशी की तुझी भाची शेरिलिन वयात आली. महिनाअखेर आपल्या रीतीप्रमाणे तिचा चार दिवसांचा किनाल्दा करायचं ठरलं आहे. विधीची गाणी गाणारे बाबा मिळाले, रोटासाठी मका दळायला घेतला.

आपल्या मातीच्या होगनमध्ये घोंगड्यांवर निजवून अंगावरून हात फिरवायला, तिला घडवायला कोण हवं, असं विचारलं तर कार्टी म्हणाली, फक्त मावशी. घडवणारीचे गुण मुलीत उतरतात, म्हणून मी आपल्या एटामावशीचं नाव काढलं होतं. ऐकेल तर शपथ. माय मरो नि मावशी उरो म्हणतात ते काही खोटं नाही. तेव्हा रजा काढ आणि ये.

आईचेही आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
एल्सी

फिनिक्स
९ जून

ती. एल्सीताईस कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ड्युटीवर दोनदा चुकीच्या वॉर्डात शिरले. पोरीला म्हणावं, हट्ट सोड. तुझ्या किनाल्दात चारही पहाटे तू पूर्वेकडे धावलीस आणि अख्खं राउंड रॉक तुझ्यामागे धावलं. माझी वेळ आली तेव्हा मी वसतिशाळेत होते. मेट्रनबाईंनी कापडाची घडी हातात दिली आणि बोभाटा करू नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर होता. जिला कुणी घडवलंच नाही, तिच्या हातांतून काय उतरणार? धरसोड? मोडलेला संसार? मला भीती वाटते गं.

हल्ली एकच स्वप्न पडतं. पिवळा उजेड असतो आणि मी पाट्यावर मका भरडत असते. पीठ धुक्यासारखं वर चढत जातं, माझे हात त्यात दिसेनासे होतात, आणि तरी भरडण्याचा आवाज चालूच राहतो.

येईन, दळेन, तिच्यामागून धावेन. घडवायला एटामावशीच बरी. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
लोरेटा

राउंड रॉक
५ जुलै

चि. लोरेटास अ. उ. आ., रागासकट.

पहिल्या दिवशी एटामावशीने पोरीला घडवलं, तुझ्या मनासारखं झालं. पण चौथ्या पहाटेचं काय? मी खड्ड्यात रात्रभर भाजलेल्या मक्याच्या रोटावरची राख उपसत होते, मला काही दिसलं नाही. बाया म्हणतात, शेवटच्या धावेत तू शेरिलिनच्या पुढे गेलीस. शहरात राहून एवढंही विसरलीस? किनाल्दाच्या मुलीला मागे टाकणारी तिच्याआधी म्हातारी होते, हे शेंबडं पोरही जाणतं. आई तेव्हापासून पुटपुटते आहे, आणि पोर नुसती हसते.

वर, धावून परत आल्यावर पुन्हा घडवायच्या वेळी एटामावशीला बाजूला सारून तूच तिच्या अंगावरून हात फिरवलेस, आणि रोटाचा तुकडाही न खाता बस गाठलीस. खरं काय ते लिही. तुझा तुकडा पोरीने फडक्यात बांधून ठेवला आहे.

तुझी
एल्सी

फिनिक्स
११ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

विसरले नव्हते. ओढ्याच्या वळणावर शेरिलिन थांबली. उजेड अजून दुधासारखा होता, बाकीच्या बाया बऱ्याच मागे होत्या, त्यांचे नुसते आवाज येत होते. तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "मावशी, इथून तू हो पुढे."

मी म्हटलं, वेडी आहेस का, म्हातारी होईन.

तर म्हणते, "ती तू माझ्याआधी होणारच आहेस. तुझी धाव राहिलीय ना? मग धाव."

तिला हे कुणी सांगितलं ते विचारत नाही. माझी पत्रं तिला वाचून दाखवतेस, एवढं कळलं.

मग मी धावले. पूर्वेचा कडा लाल होत होता, पायाखालची माती जाणवत नव्हती. पोर माझ्यामागे हाळ्या देत होती. तिचं ऐकून बायाही द्यायला लागल्या, आणि कुणीही मला ओलांडलं नाही. परतताना मी रडत होते. होगनमध्ये शिरले तेव्हा हात इतके ऊन होते की एटामावशीला म्हटलं, सरका. बसमध्येही रडतच बसले, तुझ्यासमोर थांबायचा धीर झाला नाही.

आईला म्हणावं, पुटपुटू नको. तुझी धाकटी लेक बेचाळिसाव्या वर्षी वयात आली.

तुम्हा तिघींच्या मायेतली
लोरेटा