केझायाच्या लग्नाची हमी

९ एप्रिल
हॉयलची थोरली बहीण वर्नीस येऊन फर्मान सोडून गेली. जुलैत कुळाचं संमेलन आहे, त्यासाठी वंशावळ हवी. जुनं अक्षर मला लागतं म्हणून काम माझ्या गळ्यात. वंशावळीत मी मात्र नाही. हॉयलबरोबर इतकी वर्षं राहते, पण लग्न नाही. त्याचं पहिलं लग्न मोडलेलं, म्हणून म्हणणं— "एकदा कागद केला होता, तो फाडायलाच दोन वर्षं लागली."

टेकडीवर त्यांची दफनभूमी आहे. वर्नीसचा नियम: रक्ताचे आणि लग्नाचे. बाकीच्यांनी गावात सोय बघावी. म्हणजे हॉयल तिथे आणि मी गावात. मला हे सहन होत नाही. कुणाला बोलले नाही.

१५ एप्रिल
कोर्टात जाऊन लग्नाची जुनी हमीपत्रं काढली. नवरदेव आणि एक जामीन लिहून द्यायचे— लग्नाला आडकाठी निघाली तर हजार डॉलर भरू. जामीन बहुधा मुलीचा बाप नाहीतर भाऊ, म्हणून तिचं माहेर कळतं. हॉयलचे पणजोबा टोबायस, १८५६. जामीन एलाय स्पार्क्स. म्हणजे केझाया पणजी स्पार्क्सांची!

वर्नीसला फोन केला. "स्पार्क्स? ते कोंबडीचोर?" माझा दिवस छान गेला.

१६ एप्रिल
हॉयलने ताकात मक्याचा पाव कुस्करला. "म्हणजे आम्हीपण चोर का?" थोडेसे, म्हटलं.

२२ एप्रिल
हमीपत्र म्हणजे लग्न नव्हे, नुसता इरादा. लग्न लावलं की पाद्री कोर्टाने दिलेल्या लग्नाच्या परवान्याच्या मागे सही करून तो परत पाठवायचा. टोबायसच्या परवान्याची मागची बाजू कोरी. मग त्याचं मृत्युपत्र काढलं. "केझाया स्पार्क्स, जी माझ्याजवळ राहते, तिला घर आणि दोन्ही गाई." नऊ मुलं झाली, तरी स्पार्क्सच! थडग्यावर मात्र 'पत्नी' कोरलंय. नदीला पूर असेल, पाद्री आला नसेल, मग राहूनच गेलं असेल.

खूप हसले. घरी येऊन रडले.

२४ एप्रिल
वर्नीसला कागद दाखवले. चष्मा पुसून पुन्हा वाचले तिने. "हे छापायचं नाही."

"बरं. मग पणजीला उकरून गावात हलवायचं का?" हे मी बोलले. बोलायला नको होतं. पण बोलले. वर्नीस कॉफी तशीच टाकून गेली.

२५ एप्रिल
फोन नाही.

१ मे
वर्नीसचा फोन. "पणजी आहे तिथेच राहील. हॉयलच्या शेजारची जागा तुझी. आभार मानू नकोस." मानले नाहीत.

२ मे
हॉयल म्हणाला, "आर्डिथ, लग्न करू या." जागा मिळाली, आता कशाला, म्हटलं. म्हणाला, "पणजीला पुन्हा कुणी विचारलंच नसेल."

हो म्हटलं.