प्रभुभोजनाचा दुसरा प्याला

बडोदे, शनिवार, संध्याकाळ

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाला दोन प्याले. पाळकसाहेबांनीच मला सांगितले. चांदीचा आम्हा जुन्या मराठी कुटुंबांना, पितळेचा खेड्यांतून आलेल्या विणकरांना.

"जात ठेवायचीच होती, तर बाप्तिस्मा कशाला दिलात?" मी विचारले.

"तुम्ही वर्तमानपत्रवाले उगाच पेटवता हो. लोक नाराज होतात."

लोक कोण? माझे सासरेच ना! चांदीचा प्याला त्यांनी दिलेला, म्हणून का प्रभूही त्यांचा झाला?

पितळेचा! वर तो घासून लखलखीत केलाय, जणू उपकारच.

या चर्चच्या विटा वाहिलेल्या प्रेमजी विणकराला अजून कोणी काही बोललेले नाही. भर उपासनेत कळेल त्याला. मी मात्र त्याच्याच शेजारी गुडघे टेकीन, पितळेचाच प्याला मागेन. मग दुपारी सासरे रागाने हिला, आपल्या लेकीला, माहेरी न्यायला येतील. हिने अजून विचारले नाही, आपण कुठल्या प्याल्याचे.