सुपरवायझरच्या आंघोळीची तजवीज

लिहून ठेवणार: सौ. पुष्पावती सहादेव गर्जे, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वीचे काम अंगणवाडी सेविका, हल्लीचे काम शेती, शेळ्या आणि घरच्यांना उत्तरं देणे, राहणार निंबेवस्ती, तालुका शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं, पण पुढं कोणी कागदात खोट काढायला नको).

मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय, माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. कानिफनाथ बडे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला तारीख, वार आणि नातीचं नाव विचारलं. माझे धाकटे दीर अजिनाथभावजी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "डाक्टर, मटन का सोडलं त्ये इचारा. तितं कळंल डोकं ठिकानावर हाय का न्हाई." डॉक्टर हसले आणि सही करून मोकळे झाले. भावजींचा हा प्रश्न गेली सहा-सात वर्षं चालू आहे. माणूस मेल्यावर त्याला कोणी मध्येच तोडत नाही, म्हणून त्याचं उत्तर मी या कागदात देणार आहे.

कलम एक. राहतं घर यजमानांच्या नावावर आहे, ते मला कोणाला देता येत नाही. त्या घरातली तोंडं चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी भरली, पण तशी नोंद कोणत्याच उताऱ्यावर नसते. माझ्या स्वतःच्या नावावर माहेरकडून आलेला विहिरीलगतचा तुकडा आहे. तो माझा मुलगा मच्छिंद्र याला द्यावा. त्याने तिथे खुशाल तूर लावावी, नाहीतर कपाशी लावावी, पण पोल्ट्रीची शेड टाकू नये. ही अट कायद्यात बसते की नाही मला माहीत नाही. आईचा शब्द म्हणून बसवून घ्यावी.

कलम दोन. पाटल्या आणि डोरलं सूनबाई मोनिका हिला. मोनिका राहात्याची, बागायतीतली लेक, आमच्या कोरड्या मुलखात आली आणि कुरकुर न करता राहिली. शिवाय मी मटण सोडल्यावर घरात पहिल्यांदा माझ्यासाठी वेगळं पातेलं तिने चढवलं. "आई, तुमचं आधी करते, आणि त्यांच्या डावाने तुमचं वाढणार नाही," असं ती आपणहून म्हणाली होती. पाटल्या त्या एका वाक्याच्या आहेत असं तिने समजावं. पोस्टातली ठेव नात संस्कृती हिच्या शिक्षणाला.

कलम तीन. माझा पाटा-वरवंटा आणि येसराचा मसाला. हा मसाला भाजून, कुटून मी जो रस्सा करत असे, त्यासाठी पाथर्डीपासून पाहुणे येत. मी मटण सोडलं तेव्हा अर्ध्या भावकीला वाटलं की आता घराण्याची चव बुडाली. काही बुडाली नाही. त्याच वाटणात मी बेसनाच्या डुबुकवड्या सोडते, वांगं सोडते, शेवग्याच्या शेंगा सोडते, आणि अजिनाथभावजी तिसऱ्यांदा वाटी पुढे करताना दरवेळी म्हणतात, "वयनी, यात मटन असतं तर काय झालं असतं!" काय झालं असतं? वाटीत हाडं उरली असती. चव वाटणाची होती, हे त्यांच्या जिभेला कळलंय, तोंडाला अजून कळायचंय. पाटा मोनिकाला. मटणाचं मोठं जर्मनचं पातेलं मात्र अजिनाथभावजींना, कायमचं. त्याच्यावर माझा रोष नाही, पण ते माझ्या घरात नको.

कलम चार. मटण का सोडलं, त्याचा खुलासा. संस्कृती जन्मली त्या साली माझा उजव्या पायाचा अंगठा असा सुजला, की चादरीचा स्पर्शसुद्धा सोसेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. मटण, कलेजी, वजडी बंद. अंगठा बरा झाला, पायात चप्पल जाऊ लागली, पोट हलकं वाटू लागलं, पुढं बीपीची गोळीही अर्ध्यावर आली. यात खोटं काही नाही. पण पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, "ताई, आता कधीमधी थोडं चालेल." हे मी घरी सांगितलंच नाही. जगात आजाराला मान आहे. "डॉक्टरांनी सांगितलं" म्हटलं की पंगतीतला वाढपी मुकाट पुढं सरकतो. "मला त्या जिवाची कीव येते" म्हटलं, की अख्खी पंगत वकील होते. गवताला जीव नाही का, म्हणतात. दह्यात किडे नाहीत का, म्हणतात. म्हणून मी अंगठ्याच्या आड लपले. माझ्यापायी डॉक्टरसाहेबांनी गावभर शिव्या खाल्ल्या, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते.

खरं कारण असं. त्याच साली आमच्या शेळीचं करडू आईविना झालं आणि मी त्याला बाटलीने वाढवलं. अंगठा सुजायच्या थोडं आधी एका रविवारी मी ओसरीवर मटणाला हळद-मीठ चोळत बसले होते. ते आलं आणि माझी बोटं चाटू लागलं. त्याला मिठाची गोडी लागली होती. आपण काय चाटतोय हे त्या लेकराला काय ठाऊक! मला ठाऊक होतं. मी हात धुतले, पोट दुखतंय म्हणाले, आणि त्या दिवसापासून तो घास माझ्या तोंडात गेला नाही. बस्स, एवढंच. कोणी साधू भेटला नाही की स्वप्नात देव आला नाही.

मी सोवळी झाले असं मात्र कोणी समजू नये. मी चहाला दूध घेते, आणि दुधाच्या शेळीचे बोकड शेवटी कुठं जातात हे मला कळतं. उसाच्या फडावर आठवड्यातून एकदा सुकट भाजून खाणाऱ्या बाईला मी कधी शिकवायला गेले नाही. अंगणवाडीतल्या हाडकुळ्या पोराला अंडं देऊ नका, असं मी मेले तरी म्हणणार नाही. मला जेवढं झेपलं, तेवढं मी केलं. तेवढ्यावरून अजिनाथभावजींनी मला प्रत्येक लग्नात "नुसता रस्सा हाय, पीस न्हाई त्यात" म्हणून फसवायला बघितलं. भावजी, रस्सा काय पाटाच्या पाण्यातून येतो काय? तुम्हाला माफ केलं. पण विसरले नाही.

कलम पाच. माझा दहावा साधा करावा. पिंडाला कावळा शिवायला उशीर झाला, तर "वयनीचा जीव मटनात अडाकला" असं म्हणून कोणी, विशेषतः वर लिहिलेल्या इसमाने, तिथे मटणाच्या फोडी ठेवू नयेत. कावळा फोडीवर झडप घालणारच, तो कावळा आहे. त्यावरून माझ्या इच्छेचा निकाल लावू नये. फारच वेळ लागला तर डुबुकवडी ठेवून बघावी.

कलम सहा. आता मुख्य मिळकत. वर सांगितलेलं करडू म्हणजेच आमचा सुपरवायझर. हे नाव मी ठेवलं. आमच्या अंगणवाडीच्या सुपरवायझरबाई न सांगता यायच्या आणि आल्या आल्या रजिस्टरवर तुटून पडायच्या, हाही तसाच. फरक एवढा, की याने खरोखरच दोन रजिस्टरं खाल्ली. आज तो सहा वर्षांचा पुरता दाढीवाला बोकड आहे.

मोनिका शेवगावला दवाखान्यात अडली होती, तेव्हा यजमानांनी गावच्या म्हसोबाला बोकड बोलला. संस्कृती सुखरूप आली, आणि या करडाच्या कानाला नवसाची खूण झाली. आमच्या नातीसाठी दुसऱ्याचं लेकरू का, हे मी तेव्हाही विचारलं होतं. पण बोललेला नवस मोडायचा नाही, हे मलाही मान्य आहे. आमच्याकडची रीत अशी, की चैत्राच्या जत्रेत बोकडाला देवासमोर उभं करून पाठीवर पाणी सोडतात. त्याने अंग झाडलं तर देवाने घेतला. नाही झाडलं तर देवाची मर्जी नाही, पुढल्या जत्रेला बघायचं. तोवर त्याला विकायचं नाही, मारायचं नाही.

पहिल्या जत्रेला अजिनाथभावजींनी तांब्या ओतला. सुपरवायझर ढिम्म. मग कळशी ओतली, त्याने डोळे मिटले. मग भावजींनी चिडून बादली पालथी केली, तर हा वळला आणि त्याने दुसरी बाजू पुढं केली. सगळी जत्रा हसली, मसाला वाटून बसलेल्या बाया उठून गेल्या. तेव्हापासून दर चैत्रात हेच. आता भावजी म्हणतात, "वयनीच्या मायेनं द्येव आडलाय. वयनी गेल्या की पयल्या जत्रंला घेतोय बगा." माझ्या तोंडावर म्हणतात. माझ्या मरणाची कोणी अशी वाट बघत असेल असं वाटलं नव्हतं, तीही रश्श्यासाठी!

सबब, माझ्या पश्चात सदर बोकड माझे यजमान सहादेव रामभाऊ गर्जे यांच्या एकट्याच्या ताब्यात राहील. मच्छिंद्र, भावकी किंवा जत्रा कमिटी यांचा त्याच्यावर कसलाही हक्क राहणार नाही. रीत मोडू नये. दर चैत्रात त्याला देवासमोर न्यावं आणि पाणी सोडावं. माझी त्याला हरकत नाही.

हे मृत्युपत्र मोनिकाने सर्वांसमोर मोठ्याने वाचावं. इथपर्यंतच. कलम सात वेगळ्या कागदावर आहे. ते न वाचता दुमडून यजमानांच्या हातात द्यावं आणि त्यांना चष्मा शोधून द्यावा. यजमान माझ्या आधी जाऊ नयेत. गेलेच तर हा कागद फाडून मी नवा लिहीन.

कलम सात. अहो, एकटे असाल तरच वाचा. भावजी दाराशी असतील तर त्यांना आधी चहाला पाठवा.

आपला बोकड अंग का झाडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. पण आपण दोघांनी कधी ब्र काढला नाही, म्हणून आता लिहिते. करडू असताना त्याला गोचीड झाले, तेव्हा मी त्याला रोज आंघोळ घालू लागले. आयुष्यभर पोरांचे हात-तोंड धुतले, ती खोड माझी. पहिल्या जत्रेच्या दिवशी तुम्ही सगळे देवाची मर्जी बघत होतात, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं आज आंघोळ घालायला एवढी माणसं आली! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मी एक दिवस चुकवला नाही. लोक म्हणाले, म्हातारीला बोकडाचं वेड लागलं. म्हणोत.

गेल्या चैत्रात पित्ताचे खडे निघाले आणि मला नगरला दवाखान्यात पडावं लागलं. पोटाला टाके, आणि डोक्यात हाच घोर. आंघोळ तुटली की पाण्याच्या पहिल्या थेंबाला तो अंग झाडणार. फोनवर सांगायची सोय नाही. "बोकडाला आंघोळ घाला" म्हटलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. जत्रेदिवशी तुमचा फोन आला, "जेवलीस का?" विचारलंत आणि ठेवून दिलात. मी म्हटलं, गेला माझा सुपरवायझर. उशीत तोंड खुपसून रडले. नर्सबाईंना वाटलं टाके दुखतात, त्यांनी सुई दिली.

घरी आले तर हा दारात उभा, आणि अंगाला चंदनाच्या साबणाचा वास! ज्या वडीला तुम्ही पोटच्या पोराला हात लावू देत नाही, ती वडी. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "म्हसोबाची मर्जी. म्या काय करनार?" आणि उगाच खोकलात. अहो, स्वतःच्या आंघोळीचं पाणी तुम्ही लग्नापासून कधी काढून घेतलं नाही. मटणावर तुमचा जीव माझ्यापेक्षा दुप्पट, आणि नवस तुमचाच. तरी गोठ्यामागं बोकडाची पाठ घासत बसलात. बोकडासाठी बसलात की माझ्यासाठी, हे विचारायला या वयात मला लाज वाटली. विचारायला हवं होतं. तुम्ही मला फार आवडलात त्या दिवशी.

तर आता हे काम तुमचं. थंडीत पाणी कोमट घ्या. तुमचा साबण लावू नका, त्याने त्याला खाज सुटते, नुसत्या पाण्याने भागतं. कान पुसायला विसरू नका. शेवगावच्या बाजाराला जाऊन तुम्ही काय खाऊन येता ते मला कळतं, परतताना बडीशेप एवढी कोणी चघळत नाही. माझ्यामागं लपून खाऊ नका, घरी करवून खा, फक्त तुमच्या छातीची काळजी घेऊन. तुमच्या ताटाबद्दल मला काही लिहून ठेवायचं नाही.

एखाद्या गारठ्याच्या सकाळी मनात येईल, ती तर गेली, आता कोण बघतंय, आजच्या दिवस राहू दे. मग उद्याचाही राहील. पुढं जत्रेत पाणी पडल्यावर त्याने अंग झाडलं, तर गाव म्हणेल देवाने घेतला. मी जिथं असेन तिथं मला एवढंच कळेल, की तुम्ही मला विसरलात.

येणेप्रमाणे सातही कलमं मी स्वतः लिहिली, पुन्हा वाचली, आणि खाली सही केली.

सौ. पुष्पावती सहादेव गर्जे
ठिकाण: निंबेवस्ती, ता. शेवगाव
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार. बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. आतला मजकूर आम्हाला दाखवलेला नाही.

१. डॉ. कानिफनाथ विठ्ठल बडे, शेवगाव
२. राहीबाई गहिनीनाथ खेडकर, अंगणवाडी मदतनीस, निंबेवस्ती