दोन प्यादी, चौदा केक

होयर, मंगळवार सोडून कुठलाही वार
(मंगळवारी मी पत्रं लिहीत नाही, बुद्धिबळ खेळतो.)

तीर्थरूप मेटाआत्या,

आस्मुसचा होयरहून रीबेकडे तोंड करून, पाठ परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. मागच्या भेटीबद्दलचे आभार पहिल्याच ओळीत मानून टाकतो, नाहीतर तू म्हणशील की पोराला रीतभात राहिली नाही. तुझा गुडघा कसा आहे? कानातलं नवीन यंत्र घालतेस, की अजून ड्रॉवरमध्येच आराम करतंय? (घालत जा गं. वृद्धाश्रमात ऐकण्यासारखं कोणी बोलतच नाही हे तुझं म्हणणं खरं असेल, पण निदान जेवणाची घंटा तरी ऐकू येईल.) शेजारच्या खोलीतल्या बाई पत्त्यांत अजून लबाडी करतात का, आणि लबाडी करूनही तुझ्याकडून हरतात का, तेही कळव. इकडे सगळं ठीक आहे. वारा नेहमीसारखाच आहे, म्हणजे सायकलवरून उतरावं लागतं. मेंढ्यांना पिल्लं झाली आहेत आणि ती बांधावरून थेट माझ्या शिकाऊ गाडीसमोर उड्या मारतात. हे पत्र मी अगदी सहज लिहितो आहे, काही काम म्हणून नाही. तेव्हा निवांत वाच.

माझा धंदा तुला माहीतच आहे. दिवसभर लोकांना ब्रेक दाबायला शिकवायचं. माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि खरं सांगायचं तर शिकणाऱ्यांपेक्षा तो मीच जास्त दाबतो. इतका भित्रा माणूस मंगळवारी संध्याकाळी गावच्या सभागृहात पटासमोर बसला की त्याला काय होतं कोण जाणे! पांढऱ्या सोंगट्या मिळाल्या की मी आपला डॅनिश गॅम्बिट खेळतो. तो तूच मला शिकवलास, त्यामुळे तुला समजावणं म्हणजे आगाऊपणाच, पण मला सांगायला आवडतं म्हणून सांगतो. डावाच्या सुरुवातीलाच एकामागून एक प्यादी समोरच्याच्या तोंडात घालायची. खा बाबा, अजून खा, लाजू नकोस. देणंघेणं संपलं की दोन प्यादी त्याच्या पोटात जास्तीची असतात, आणि आपले दोन्ही उंट मोकळ्या हवेत शेजारी शेजारी उभे राहून त्याच्या राजाच्या घराकडे टक लावून बघत असतात. मग त्याने पोटावरून हात फिरवावा आणि आपण त्याच्या दारात जाऊन उभं राहावं.

आता आमच्या क्लबात हा गॅम्बिट इतका का चालतो, याचं कारण बुद्धिबळात नाही, कॉफीच्या टेबलावर आहे. आपल्या दक्षिण जटलंडात पाहुण्यापुढे सात मऊ आणि सात कुरकुरीत असे केकचे चौदा प्रकार मांडले जातात आणि पाहुण्याने चौदाच्या चौदा घ्यायचे असतात. नको म्हणणं हा यजमानीणबाईंचा अपमान. (लॉरेन्सनांच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपल्या कमरा बघ.) मंगळवारी आमच्या टेबलावर चौदा नसले तरी पाचसहा प्रकार असतातच, आणि त्याच टेबलाशेजारी पट मांडलेले असतात. त्यामुळे झालं काय, की केकची रीत हळूहळू पटावर उतरली. कोणी प्यादं पुढे केलं की घ्यायचं. दुसरं केलं की तेही घ्यायचं, आणि पोटात ठेवून निमूटपणे मार खायचा. घेतलेलं प्यादं परत करणं म्हणजे चावा घेतलेला तुकडा यजमानीणबाईंच्या बशीत परत ठेवण्यासारखं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्यात कोणी तसं वागलं नाही. आणि त्यामुळे माझा गॅम्बिट अजिंक्य ठरला, आणि मी वर्षानुवर्षं पहिल्या पटावर, म्हणजे क्लबातल्या सगळ्यांत तगड्या खेळाडूच्या जागी, बसत आलो.

या आनंदावर विरजण पडलं ते यॉर्डिस कालेसन या बाईंमुळे. या बॉर्नहोम बेटावरच्या. तिकडे गाईघोड्यांच्या डॉक्टर होत्या, निवृत्त होऊन इकडे बहिणीजवळ राहायला आल्या आणि शरद ऋतूत आमच्या क्लबात दाखल झाल्या. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, हात असे की वासरू ओढून काढताना दुसऱ्याची मदत लागत नसावी. पहिल्याच मंगळवारी त्यांनी राय धान्याच्या पावाच्या केकचा एक तुकडा घेतला, खाल्ला, छान आहे म्हणाल्या, आणि बशी बाजूला ठेवली. एक तुकडा! आमचे अध्यक्ष निस इवर्सन बशीकडे असे बघत राहिले की जणू तिच्यात काहीतरी मेलेलं आहे. मी मात्र (मला नसत्या वेळी बोलायची खोड आहे, ती आपल्या घरातून आली आहे, माझा दोष नाही) मार्चच्या सर्वसाधारण सभेत उठून उभा राहिलो. तुला माहीतच आहे, आपल्याकडे तीन माणसं एकत्र आली की संस्था निघते आणि चौथा आला की सर्वसाधारण सभा भरते. विषय होता क्लबाच्या जून महिन्यातल्या वर्धापनदिनाचा, चौदा केक कोणी करायचे याचा. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आणि मी म्हणालो, वसंत स्पर्धेत जो कोणी माझा गॅम्बिट मोडेल त्याला पहिला पट देईन, आणि वर्धापनदिनाचे चौदाही केक मी स्वतःच्या हातांनी करीन! टाळ्या पडल्या. इवर्सनने ताबडतोब इतिवृत्तात नोंदवलं. आत्या, अंडं उकडणं ही माझी पाककलेची सीमा आहे, तीही दर वेळी गाठता येत नाही.

अंतिम डाव आला तो यॉर्डिसबाईंशीच, आणि पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे. मला वाटलं, आज देव प्रसन्न आहे. मी प्यादी वाढायला लागलो. त्यांनी एक घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आणि शेवटी माझ्या उंटाने त्यांचं एक मारून हिशोब नेहमीच्या जागी आणला. मी मागे टेकून बसलो. आणि या बाईंनी काय करावं? आपल्या वजिरासमोरचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे, थेट माझ्या उंटाच्या तोंडासमोर ठेवलं. घ्या म्हणे. मी चक्रावलो. मला कोणी प्यादं देतंय? मला? पण रीत म्हणजे रीत, मी मारलं. त्यांनी एक घोडा बाहेर काढला. आणि तेव्हा मला दिसलं! माझ्या उंटाने राजाशेजारचं प्यादं मारून शह दिला, की राजाला उंट मारावाच लागणार, आणि राजा बाजूला झाला की त्यांचा वजीर माझ्या वजिरासमोर उघडा! मी शह दिला. राजाने उंट मारला. मी वजीर मारला.

मी काय केलं ते लिहिताना अजून कान तापतात. मी उठलो. पटावर वजीर मारून माणूस बसून कसा राहील? सरळ केकच्या टेबलाकडे गेलो, मलईच्या केकचा असा तुकडा कापला की चाकूलाही शंका आली, आणि इवर्सनच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, बाईंचा वजीर मारला बरं का, बॉर्नहोमला कळवा. इवर्सनने कॉफी ओतली. माझ्या अंगात इतकी उदारता आली होती की मी यॉर्डिसबाईंसाठीही एक बशी भरून घेतली, समाचाराला गेल्यासारखी. तोंडात मलई, दोन्ही हातांत बशा, असा परत आलो तर त्यांनी घड्याळ दाबून ठेवलं होतं आणि त्यांचा उंट आपल्या घरातून निघून माझ्या राजाला शह देऊन बसला होता. एवढासा शह. मी म्हटलं, असू दे. मग बघितलं. तो उंट जिथून उठला तिथून मागची वाट मोकळी झाली होती, आणि त्या वाटेच्या टोकाला त्यांचा हत्ती बसून माझ्या वजिराकडे बघत होता. वजिराने राजासमोर येऊन मरावं, नाहीतर जागच्या जागी मरावं.

"बसा ना आस्मुसराव," बाई म्हणाल्या, "उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही."

बसलो. वजिरांची फिटंफाट झाली. प्यादी मोजली तर दोघांची सारखीच. पटावर आता ना हल्ला, ना उंटांची जोडी, ना कोणाच्या दारात उभं राहणं. एका बाजूला त्यांची तीन प्यादी आणि त्यांना अडवायला माझं बिचारं एकटं. ती तीन प्यादी हात धरून शाळेत जाणाऱ्या पोरींसारखी निवांत पुढे चालत गेली आणि त्यांतली एक वजीर झाली. मी हार मानून हात पुढे केला. मग इवर्सनने घसा खाकरून विचारलं की असं प्यादं परत करणं आपल्याकडे, म्हणजे, चालतं का? यॉर्डिसबाई म्हणाल्या, "का, यजमानीणबाई रागावतील?" आणि आत्या, सगळ्यात आधी हसलो तो मी. मलईसकट.

तुला वाटेल मी खचलो असेन. पहिल्या रात्री खचलो, हे कबूल करतो. नंतर नाही. यॉर्डिसबाई आता गुरुवारी माझ्याकडे येतात आणि आम्ही तोच डाव उलटासुलटा करून बघतो. इतकी वर्षं खेळूनही जे मला ठाऊक नव्हतं ते आता कळायला लागलंय. मी प्यादी देतो ती आमिष म्हणून नाही, वेळ विकत घेतो. समोरचा चावत बसलेला असताना माझी माणसं घराबाहेर पडतात. आणि त्या एक प्यादं परत करून तोच वेळ माझ्याकडून परत विकत घेतात. मी म्हणालो, पण या गॅम्बिटात धाडस लागतं हो. त्या म्हणाल्या, समोरच्याने खायचंच असं ठरलेलं असताना कसलं आलंय धाडस? आता जगात कोणीही, कधीही, ते प्यादं परत करू शकतं हे माहीत असून मी ते पुढे करतो. पाय पटाखाली ब्रेक शोधतो, आणि खूप मजा येते. मी दुसऱ्या पटावर बसतो. खिडकी तिथून जास्त जवळ आहे. मी खरंच सुखात आहे, आत्या.

वृद्धाश्रमातल्या सगळ्यांना नमस्कार, पत्त्यांतल्या लबाड बाईंनासुद्धा.

तुझा,
आस्मुस

ता. क. तुझे केकचे साचे कुठे आहेत? वर्धापनदिन जूनमध्ये आहे आणि मी सरावाला राय धान्याच्या पावाचा केक केला होता. तो मेंढ्यांनाही घातला नाही, कारण त्या दुसऱ्याच्या आहेत.

ता. क. २. साचे राहू देत, तूच ये. इवर्सनने इतिवृत्त पुन्हा वाचून निर्णय दिला आहे की हात माझेच हवेत, पण खुर्चीत बसून ओरडायला कोणी असेल तर हरकत नाही. मी गाडीने न्यायला येतो. शिकाऊ कोणी सोबत नसेल, शपथ. यॉर्डिसबाईंना तुला भेटायचं आहे. का ते मी विचारलं नाही, आणि तूही भलतं काही विचारू नकोस.

ता. क. ३. वरचं सगळं खरं आहे, पण मी पत्र लिहायला बसलो ते यासाठी. यॉर्डिसबाई म्हणाल्या की प्यादं परत करण्याची ती खेळी आजोबांच्या काळापासून लोकांना माहीत आहे, ज्याने बुद्धिबळाचं एखादं पुस्तक चाळलं त्याला ती माहीत असतेच. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. रीबेच्या पाद्रीबुवांना तू हरवायचीस, पोस्टमास्तरांना हरवायचीस, आणि आई गेली त्या हिवाळ्यात माझ्यासमोर मात्र रोज संध्याकाळी दोन्ही प्यादी मुकाट्याने घ्यायचीस, हरायचीस, आणि कपाळाला हात लावून म्हणायचीस, "काय बाई हा गॅम्बिट, या पोरापुढे माझं काही चालत नाही." तुला ती खेळी माहीत होती ना गं? उत्तर पाठवू नकोस, ये. केक भट्टीत गेले की पट मांडू. पांढऱ्या सोंगट्या माझ्या. आणि या वेळी प्यादं परत कर, आत्या. मी आता साठीचा झालोय, हरलो तरी रडणार नाही.