बिबड्यांपुरतं ऊन

माय, यंदा आपल्या घराच्या धाब्यावर बिबडे वाळले नाहीत. हे सांगायला वही काढली आणि पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले, आता बाकीचं सावकाश लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज नातीला नक्कल करून दाखवायचा म्हटलं तर जमत नाही, पण जिना चढताना पायरीपायरीला तुम्ही जो हुंकार द्यायच्या, तो हल्ली माझ्याच तोंडून निघतो. माहेरून मला "आत्याबाई म्हणायचं हं सासूला" असं पढवून पाठवलं होतं. पण सगळी गल्ली तुम्हाला माय म्हणायची, म्हणून आठवडाभरात मीही माय म्हणायला लागले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेलं पत्र, घरपट्टीचा कागद, रॉकेलची पावती, सगळं मीच वाचून दाखवायची, चौथीपर्यंतच्या शाळेवर. तुम्ही चुलीपुढे बसून डोळे मिटून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आते नीट सांग, कागद का म्हणस?" वाचणं वेगळं आणि कागद काय म्हणतो ते कळणं वेगळं, हे तुम्ही मला तेव्हापासून सांगत होतात. मला वाटायचं, म्हातारी थट्टा करते.

मातीचं जुनं धाबं पाडून दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, तो गल्लीतला पहिला. आपण त्यालाही धाबंच म्हणत राहिलो. माझा इथला दुसराच उन्हाळा होता. मी गहू धुऊन वर पसरले होते, सगळं धाबं भरून. आणि पलीकडच्या घरातली, तीही माझ्यासारखीच नवी सून, डोक्यावर घाट्याचं पातेलं घेऊन जिन्यात उभी राहिली. तिच्या घरावर पत्रे, अंगण म्हणजे दाराबाहेरची गटार, बिबडे घालायचे तर आपल्याकडेच. मी नव्या स्लॅबच्या तोऱ्यात तिला म्हटलं, आज आमचे गहू आहेत, उद्या ये. ती वळली. तुम्ही खालून ऐकलंत. वर आलात, आधी आपले अर्धे गहू चादरीत गोळा केलेत, तिला हाताला धरून बसवलंत आणि मग माझ्याकडे पाहिलंत. "ऊन का आपला घरनं शे व? तिनी ज्वारी तीन दिननी भिजेल शे, ती का तुनासाठे थांबी?" खरंच होतं ते. दादर ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, लसूण-तीळ घालून पहाटे तिचा घाटा शिजवायचा, तो शिजला की गरम असतानाच हात पाण्यात बुडवून बुडवून पापडासारखा गोल थापून उन्हात वाळवायचा. तो उद्यासाठी ठेवता येत नाही. मी तोंड पाडून गव्हातले खडे वेचत बसले. संध्याकाळी जेवताना तुम्ही तिच्याच आदल्या खेपेचा एक बिबडा विस्तवावर भाजून, तेल लावून, मूठभर शेंगदाण्यांसकट माझ्या ताटात ठेवलात. एवढंच. ना समजावणं, ना पुन्हा विषय.

पुढे तिचा नवरा गेला आणि बिबडे हेच तिचं पोट झालं. सुरतेला गेलेली आपली माणसं, नाशकातली, पुण्यातली, सगळ्यांच्या मागण्या तिच्याकडे. होळी झाली की ती आपल्या जिन्यावर आणि वैशाखातली आखाजी होऊन पंधरा दिवस झाले तरी जिन्यावरच. तिचं नि माझं सख्य तिथेच झालं. मुलं घाट्याच्या वाटीत तेल ओतून फुंकत फुंकत खायची, तुम्ही काठी घेऊन कावळे हाकलायच्या आणि धाब्यावरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीवरून वेळ सांगायच्या. थंडीत ती सावली कुठवर लांबते, होळीला कुठे येते, तुम्हाला बोटावर माहीत. "आखाजीले टाकीनी सावली टाकीना पायतळेच बठस," असं दरवर्षी म्हणायच्या. आखाजीला ऊन डोक्यावर, सावली पायाशी, म्हणून बिबडे तेव्हाच पक्के होतात. मी हे इतक्यांदा ऐकलं की ऐकेनासं झालं.

शेवटच्या आजारपणात तुम्ही तुमचं लाल काठाचं नऊवारी लुगडं काढायला लावलंत. मधोमध फाडायला सांगितलंत. अर्धं मला, अर्धं तिला, बिबडे घालायला, कारण जुन्या लुगड्यावरून बिबडा सुटतो तसा कशावरून सुटत नाही. आणि मला जवळ बोलावून म्हणालात, "धाबाले कुलूप लावजो नको." मी हो म्हटलं. तुमचा लेक साक्षीला होता. तोही आता तुमच्याकडेच आहे, विचारा त्याला. कुलूप मी आजवर लावलेलं नाही, माय. ही एक गोष्ट आधी लिहून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मी शब्द मोडला.

गेल्या वर्षी जळगावहून मुलगा आला. तिकडे पाइपांच्या कारखान्यात आहे, त्याच्या कॉलनीत घराघरावर सोलरच्या प्लेटा. म्हणाला, आई, विजेचं बिल बघ, पंखा लावायला तू घाबरतेस, सरकार मदत देतंय, बसवून टाकू. प्लेटा बसवणारा आला, सज्जन माणूस. त्याने धाबं मोजलं आणि दोन वाटा सांगितल्या. एक, प्लेटा दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात स्लॅबलगत ठेवायच्या, बुटक्या सांगाड्यावर. त्याला गावाची काही परवानगी लागत नाही, फक्त वीज कंपनीकडे अर्ज आणि नवा मीटर. दुसरी, डोक्याच्या वर उंच सांगाडा उभारायचा, प्लेटा माडीसारख्या वर, खाली सगळं धाबं फिरायला मोकळं. पण उंची ठरावीक मर्यादेबाहेर गेली की ते बांधकामात धरतात. मग अर्ज, नकाशा, इंजिनिअरचा दाखला, शेजाऱ्यांची संमती, घरपट्टी भरल्याची पावती. मुलगा म्हणाला, अर्ध्यात बसवू, सोपं आहे. मी म्हटलं, नाही. अर्धं धाबं अडलं तर पलीकडचीचे बिबडे कुठे जातील? मायला शब्द दिलाय. उंच करू, सगळं धाबं मोकळं राहील. कागदाचं मी बघते.

आणि बघितलं. माय, तुम्ही असता तर हसला असता. आपल्या ग्रामपंचायतीची आता नगरपंचायत झालीये, टेबलं वाढलीत. मी नियमाची छापील प्रत मागून घेतली, चष्मा लावून दोनदा वाचली, न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आणि तिथल्या बाबूला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "अक्का, लोक परवानगी नको म्हणून माझ्याशी भांडतात, तुम्ही हवी म्हणून भांडताय. खाली बसवा ना, माझी सहीसुद्धा लागणार नाही."

"भाऊ, खाली बसवलं तर धाबं अडतं."

"मग अडू द्या. धाब्याचं काय काम आहे?"

"बिबड्यांचं."

तो खुर्चीत मागे रेलला. "कारणाच्या रकान्यात काय लिहू? बिबडे?"

"लिहा की. खोटं थोडंच आहे?"

त्याने "घरगुती वापर" असं लिहिलं आणि पुढच्या खेपेला चार बिबडे आणायला सांगितलं. आणले. इंजिनिअरच्या दाखल्यासाठी धुळ्याला दोन खेपा झाल्या, एसटीत उभ्याने. शेजाऱ्यांची संमती म्हणजे तीन घरं, त्यात पलीकडचीचंही. तिला कागद वाचून दाखवला, तर मला पुरतं बोलूही देईना. "मायनं धाबं शे अक्का, अंगठा का, आख्खा हात लावस!" आणि शाई लावून अंगठा असा दाबला की कागदाच्या पाठीवर उठला. परवानगीचं पत्र हातात पडलं तेव्हा मी ते घरी येऊन तुमच्या फोटोपुढे ठेवलं. वाचूनही दाखवलं मोठ्याने. तुमचा प्रश्न मला त्या वेळी ऐकू यायला हवा होता. कागद काय म्हणतो? तो फक्त उंचीचं म्हणत होता, माय. उन्हाचं त्यात कुठेच काही नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. ते बघणं माझं काम होतं.

पौषात सांगाडा उभा राहिला. थंडीचं ऊन कसं, दक्षिणेकडून तिरपं येतं, प्लेटांच्या खालून सरळ आत शिरतं. सावली पडायची ती मागे, जिन्यावरच्या छोट्या छपरावर. मी पलीकडचीला हाक मारून वर नेलं. आम्ही दोघी सांगाड्याखाली उन्हात पाय पसरून बसलो, तिळाचे लाडू खाल्ले. मी म्हटलं, बघ, काही अडलं का? ती वर प्लेटांकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "पन अक्का, आखाजीले ऊन कथाईन येई?" आखाजीला ऊन कुठून येणार! जिला अक्षर वाचता येत नाही तिने एका नजरेत पाहिलं ते. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, इंजिनिअरने तपासलंय सगळं, तू नको त्यात डोकं घालू. उरलेला लाडू तिने पदरात बांधला.

आखाजीच्या आधी तिने सुरतेच्या मागणीची ज्वारी भिजवली. सकाळी ऊन आडवं होतं तोवर ठीक वाटलं, बिबडे घालूनही झाले. मग ऊन चढत गेलं आणि सावली जिन्याकडून सरकत सरकत थेट लुगड्यावर येऊन बसली. बसली ती उठेना. प्लेटांना सगळं ऊन आणि आमच्या वाट्याला कडेची हातभर पट्टी. तीत ती एकेक बिबडा उचलून मांडत राहिली, पट्टी हलली की पुन्हा उचलायची. आपल्याकडची उन्हाळी झळ एवढी की सावलीतही ते वाळल्यासारखे दिसले. तिने डबे भरून पाठवले. पण वरून कोरडे, पोटात ओले. सुरतेहून निरोप आला, बुरशी धरली. तिने मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "सावलीमा वाळतस अक्का, पन पक्का होतस नही." दोष दिला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलायला तरी आलं असतं.

मुलाला फोन केला, हे खाली घे, अर्ध्यात बसव. तो म्हणाला, आई, आता हलवायचं म्हणजे पुन्हा वीज कंपनीची तपासणी, पुन्हा अर्ज, सरकारी मदत मिळालीये ती कशावर मिळाली त्याचं उत्तर द्यावं लागेल, थोडं थांब. तोही चुकीचं बोलत नाही. आता ती दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिक अंथरते. भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन काठी धरून बसलेली असते, शेळ्या हाकलत, या वयात. मी बाजाराला जाताना ती दुरून दिसते. मी हल्ली दुसऱ्या रस्त्याने जाते. घरात पंखा दिवसभर फिरतो, बिल नावापुरतं येतं, लोक विचारायला येतात की परवानगी कशी काढलीत, आम्हालाही सांगा. मी सांगते. सगळे कागद ओळीने सांगते, आणि शेवटी म्हणते, आधी वैशाखात धाब्यावर जाऊन दिवसभर बसा, मग अर्ज करा. ते हसतात.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते सोलरच्या फाइलीत घालून ठेवते, तिच्या अंगठ्याच्या कागदामागे. फक्त एक राहिलं. सुरतेचा निरोप आला त्या दिवशी दुपारी ती आपली भांडी न्यायला वर गेली होती. नंतर मी वर गेले तेव्हा कठड्यावर तुमच्या लुगड्याचा तिचा अर्धा भाग घडी करून ठेवलेला, वर दगड. विसरली की परत करून गेली, मला ठरवता आलेलं नाही, आणि विचारायला चार पावलं जायचं तर तेही झालेलं नाही. वरून उतरताना ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली होती. "अक्का," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "अक्का." मी पाठमोरी भांडी घासत होते, आवाजात ऐकू आलं नाही, असं मी मुलाला सांगितलं.

माय, भांडी सकाळीच घासून झाली होती.