चढाच्या अलीकडे

३ मार्च, मंगळवार

गाडी परत तापली! परत! कपाटं तशीच मागं बांधलेली आणि बाबा भर दुपारी दारात. चपला काढल्या आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले.

तापमानाचा काटा कुठवर गेला होता, मी विचारलं. म्हणजे मनात. मोठ्यानं विचारायला मला नेहमी उशीर होतो. तोवर माणूस निघून गेलेला असतो, नाहीतर झोपलेला.

संध्याकाळी फर्निचरवाले शेठ स्वतः आले. दारातूनच — "चढापलीकडच्या दुकानदाराला मी काय सांगू? कपाट फिरायला गेलंय, येईल दमून?" आई म्हणाली बसा, चहा टाकते. ते बसले नाहीत. माल असाच परत येत राहिला तर दुसरी गाडी लावीन म्हणाले. जाताना आवाज खाली आणून, "तुमचा मुलगा गेला म्हणून इतके दिवस गप्प बसलो, वहिनी."

त्यांच्या कामाशिवाय आम्हाला दुसरं काम नाही. आणि बाबांना गाडीशिवाय दुसरं काही येत नाही.

४ मार्च

एकदा लिहून टाकते, परत लिहायचं नाही.

दादा त्या चढावरच गेला. पिकअप तापली म्हणून वळणाच्या अलीकडे कडेला घेतली. बॉनेट उघडलं. पाण्याचा डबा मागं होता, तो आणायला रस्त्याच्या बाजूनं गेला आणि वरून ट्रक आला. बाबा केबिनमध्ये बसलेले. गाडीला साधा ओरखडासुद्धा नाही!

तापली नसती तर थांबले नसते. थांबले नसते तर — बस.

ही गाडी मी थंड करणार.

५ मार्च

बॉनेट उघडलं. मला थोडंफार येतं. नववीत शाळा सोडली ना, तेव्हापासून दादाच्या हाताखालीच होते. शाळेत बाई धडा वाचायला उभं करायच्या आणि माझा आवाजच जायचा. सगळा वर्ग मागं वळून बघायचा. दादा म्हणाला होता, "चल, गाडीखाली ये. इथं कुणी वाचायला लावत नाही." त्यानं ही पिकअप एका भाजीवाल्याकडून घेतलेली. आधीच म्हातारी. पहिले कित्येक दिवस सीटखालून वाळके कांदे निघायचे.

रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघितला. क्लिपपाशी चीर! बोट ओलं झालं. सापडलं, सापडलं!

मेकॅनिककडे गेले. सगळे त्यांना घाईकाका म्हणतात, कारण त्यांना कधीच घाई नसते. मी पाइप नुसता पुढे धरला. त्यांनी बघितला, मला बघितलं. "दादाची बहीण ना? बोल की गं, पाइप काय सांगतोय?" मी म्हटलं, फाटलाय. "शाब्बास. पाइपपेक्षा तूच कमी बोलतेस." पाइप दिला, रेडिएटरचं झाकणपण दिलं. झाकणाचं रबर गेलं की कुकरसारखं होतं म्हणाले, शिट्टी सैल, मग आत दाब धरत नाही.

दोन्ही बसवलं. नखं काळी. बरं वाटतंय.

७ मार्च

रेडिएटर रिकामा केला. बाई गं, काय ते पाणी! गंजाचा नुसता गाळ. दादा नळाचं साधं पाणी भरायचा, कूलंट कशाला म्हणायचा, गाडी काय सरबत पिणारेय? स्वच्छ निघेपर्यंत पाइपनं धूत बसले. फॅनचा पट्टा ढिला होता, तो ताणला.

आत्या आली होती. "पोरगी गाडीखाली झोपते आता? लग्नात नवऱ्याला काय, पाना देणार?" आत्या गेल्यावर आई माझ्यावर — "विका ते लोखंड एकदाचं! माझ्या दारात नको ते. रोज सकाळी दार उघडलं की तेच समोर." मी खालीच पडून राहिले. इंजिनच्या खालून फक्त तिचे पाय दिसत होते. बराच वेळ हलले नाहीत.

९ मार्च

अंगणात तासभर चालू ठेवली. रेस दिली. काटा मधोमध, जागचा हलला नाही. बाबांना सांगितलं. चक्क बोलून सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि खुर्च्या भरून गेले.

परत आले. "तापली."

१० मार्च

रडले काल. आज राग आलाय. आज सोडत नाही.

गाडी घाईकाकांकडे नेली. बाबांनी नेऊन लावली आणि चालत घरी गेले, थांबलेसुद्धा नाहीत. काका वॉटर पंपाखाली हात फिरवून म्हणाले, "कोरडा आहे. हा नाही चोर." मग थर्मोस्टॅटचं घर, म्हणजे पाण्याचा वॉल्व्ह बसतो ते, उघडायला मला पाना दिला. दोन बोल्ट. उघडलं — आत काहीच नाही! रिकामं!

मला कळेना. काका हसले. "कुणीतरी वॉल्व्हच काढून टाकलाय. लोकांना वाटतं, मधला दरवाजा काढला की पाणी मोकळं फिरेल, गाडी गार राहील. काही गाड्यांत चालून जातं. हिच्यात नाही. गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच घुटमळतं. सपाटीला कळत नाही. चढावर कळतं."

चढावर!

रात्री जेवताना मी सांगितलं. मी! ताटावर! आई बघतच राहिली. म्हटलं, कुण्या शहाण्यानं वॉल्व्ह काढून फेकला होता, त्याच्यामुळंच सगळं झालं. त्या भाजीवाल्यानंच असणार, अक्कल नाही. इतकं एका दमात मी कधी बोलले नसेन.

बाबांनी हात धुतला. ताटात भात तसाच.

त्यांना आनंद व्हायला हवा होता ना?

११ मार्च

पार्टच्या दुकानात नवा वॉल्व्ह आणायला गेले. काउंटरवर चार माणसं. ती जाईपर्यंत बाहेर टायर बघत उभी राहिले, जशी काही टायरच घ्यायला आलेय. मग आत.

काका म्हणाले होते, बसवायच्या आधी तपास, गरम पाण्यात आपोआप उघडायला हवा. म्हणून आईच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि वॉल्व्ह दोऱ्याला बांधून सोडला. आई आली. "हे काय शिजतंय?" म्हटलं थर्मोस्टॅट. ती म्हणाली, "मीठ घातलंस?" आणि हसली! दादा गेल्यावर पहिल्यांदा. मग दोघी वाकून बघत बसलो. पाण्याला बुडबुडे आले आणि ती चकती हळूच वर उचलली, अगदी डोळा उघडावा तशी. "उघडला गं!" आईच ओरडली. मग पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, घासून ठेव पातेलं.

१२ मार्च

बसवला. घाईकाकांनी वाळूची पोती टाकली आणि स्वतः चढ चढून वरपर्यंत जाऊन आले. "काटा मधेच. झोप लागली मला काट्याकडे बघून." मी नाचायचीच बाकी होते. बाबांना त्यांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, पोरीनं गाडी नीट केली तुमची.

बाबा हो म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, बॉनेटकडे बघून.

१४ मार्च

"तापली."

आल्या आल्या मी बॉनेट उघडलं. वरच्या पाइपला हात लावला. कोमट. तापलेल्या गाडीच्या पाइपला हात लागत नाही. चढावरून आली असती तर चटका बसला असता.

घाईकाकांकडे पळाले. हेड गॅस्केट गेलं असेल का, पाणी इंजिनात जात असेल का? ते आले, झाकण काढून गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे नाहीत. धूर पांढरा नाही. ऑइलच्या झाकणाला आतून साय नाही. त्यांनी चिंधीला हात पुसले. पुसतच राहिले. "गाडीला काही नाही, पोरी."

मग काय आहे?

ते म्हणाले, "एकदा तू जा त्यांच्याबरोबर."

१६ मार्च, सोमवार

गेले. शाळेची बाकं भरलेली. मी दादाच्या जागेवर. नाही, चुकलं. दादा चालवायचा, बाबा इथं बसायचे. बाबांच्या जागेवर मी.

गावाबाहेर पडेपर्यंत ठीक. मी फक्त काट्याकडे बघत होते. मधोमध. ऑइल मिलपाशी मधोमध. पुलावर मधोमध. पूल संपला, लांबून चढ दिसायला लागला आणि बाबांनी हीटर पूर्ण चालू केला. इंजिनची उष्णता आत ओढून घेतो म्हणून दादा चढावर करायचा. चढ अजून लागलाच नव्हता. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

चढ सुरू व्हायच्या आधीच त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले. रस्त्याच्या बाजूनं नाही, माझ्या बाजूनं, माझ्या मांडीवरून ओलांडून. बॉनेट उघडून त्यात बघत उभे राहिले. मी पण उतरले. आत काही नव्हतं. वाफ नाही, वास नाही, गळती नाही. पंखा छान फिरत होता.

"तापली ना?" बाबा म्हणाले. डोळे वर केले नाहीत.

मी म्हटलं, "हो, बाबा. तापली."

तिथं किती वेळ उभे होतो, ठाऊक नाही. गाड्या जात होत्या. प्रत्येक गाडीला बाबांचा खांदा हलत होता.

परत येताना, पूल ओलांडल्यावर, ते एकदम म्हणाले, "तो वॉल्व्ह भाजीवाल्यानं नाही काढला. मी काढायला लावला. तुझा दादा नको म्हणत होता. मी म्हटलं, मला शिकवतोस? आमच्या गाड्या नाही चालल्या कधी त्याच्याशिवाय?"

कुण्या शहाण्यानं. अक्कल नाही. मी म्हटलं होतं!

मी सांगायला लागले — पाइपपण फाटका होता बाबा, पाणी गंजलं होतं, झाकण गेलं होतं, पट्टा ढिला होता. एकट्या त्याच्यानं नाही झालं. घाईकाकांना विचारा. बोलतच राहिले. हीटर अजून भणभणत होता, त्यात त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

शेठ कारखान्याच्या दारात. बाबा खालीच उतरेनात. म्हणून मी गेले. "शेठ, गाडी तापली." शेठ म्हणाले, "अरे! तू बोलतेस होय?" मग बाकांकडे बघितलं, केबिनमध्ये बसलेल्या बाबांकडे बघितलं. "गुरुवारी शेवटचं. नाहीतर राहू दे, मी पण माणूस आहे पण धंदापण आहे."

सगळ्या वर्गासमोर जे कधी जमलं नाही, ते आज जमलं. आणि काय बोलले? खोटं.

१७ मार्च

आईला सांगितलेलं नाही. ती विचारते, आता काय खराब झालं? मी म्हणते, बघते.

१८ मार्च

बाबांना म्हटलं, उद्या मी येते बरोबर. नको म्हणाले. म्हटलं घाईकाकांना चालवायला सांगू, शेठना कळणार नाही. त्यावर हात उगारला. मारला नाही. तोच हात डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, "काटा नीट दाखवतो ना?"

हो म्हटलं. एकदम नीट.

१९ मार्च, गुरुवार

माल पोचला! दुपारी शेठचा फोन आला, बाकं उतरली म्हणून. आई फोन हातात धरून खालीच बसली.

बाबा दिवस मावळताना आले. चालत. चढाचा रस्ता टाळून, खाणीच्या पायवाटेनं. गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ.

"गाडी?" आई.

"पलीकडे आहे. दुकानासमोर लावलीय."

"परत तापली का?"

"नाही." पाणी मागितलं. प्यायले. मग माझ्याकडे बघून — "जाताना नाही थांबलो. पण परत येताना तेच वळण लागतं. खाली उतरताना, ट्रक आला त्याच बाजूनं."

आई त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

"गाडीला काही झालेलं नाही गं," बाबा म्हणाले. "तू हात लावायच्या आधीपण तापली नव्हती. तुझा दादा गेल्यापासून चढापर्यंत मी गेलोच नव्हतो कधी."