समोरच्या दारातून

गेवराई, मंगळवार, ऑक्टोबर १९९४

आज किराणावाल्या अप्पांनी मला समोरच्या दारातून आत घेतलं! इतकी वर्षं त्यांचे उंदीर, झुरळं मारायला मागच्या दारानं जायचो, फवारणीचा पंप पोत्यात लपवून. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. प्लेग आला अन् सगळं उलटं झालं. "डॉक्टर, पंप खांद्यावर दिसू द्या," अप्पा भर बाजारात ओरडले. मीही रुबाबात सांगितलं, "आधी पिसवा, मग उंदीर. नाहीतर उंदीर मेला की पिसवा माणसावर." निघताना पाय सवयीनं मागच्या दाराकडंच वळले. अप्पांनी दंड धरला, "तिकडं कावून?"

प्लेगमुळं खूश व्हावं का? पण लई खूश हाय, खोटं कशाला लिहू!

घरी मात्र बायकोनं समोरचं दार लावून घेतलं. "मागनं या. आधी अंघोळ, मग डॉक्टर."